मराठीत प्रबंध लिहिणाऱ्याला झोटेरो किती उपयोगाचं?

पीएच.डी.ची नोंदणी झाली की कोर्सवर्कच्या पहिल्याच आठवड्यात झोटेरो बसवून घ्यावं. शेवटचं प्रकरण टाईप होत असताना बसवलं तर फारसा फायदा होत नाही, कारण हाताने टाईप केलेल्या तळटिपा त्याला ओळखता येत नाहीत. एकेक तळटीप काढून पुन्हा घालावी लागते, आणि चारशे-पाचशे तळटिपांच्या प्रबंधात ते काम कुणी करत नाही. म्हणून हे परीक्षण प्रामुख्याने नव्याने नोंदणी झालेल्यांसाठी आहे: सोलापुरात बसून मराठी, इतिहास किंवा समाजशास्त्रात काम करणाऱ्यांसाठी.

झोटेरो म्हणजे संदर्भांची नोंद ठेवणारं, लिहिताना तळटीप घालणारं आणि शेवटी संदर्भसूची तयार करून देणारं सॉफ्टवेअर. ते फुकट आहे आणि इंटरनेट नसतानाही चालतं. २००६ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहास आणि नवमाध्यम केंद्राने ते सुरू केलं. इतिहासवाल्यांच्या हातून घडल्याचा परिणाम त्यात जागोजागी दिसतो. हस्तलिखित, पत्र, मुलाखत, वर्तमानपत्रातला लेख, नकाशा असे स्वतंत्र प्रकार आहेत आणि दप्तराचं नाव, रुमालाचा (कागदांच्या गाठोड्याचा) क्रमांक, ग्रंथालयातला दाखल क्रमांक यांना जागा आहे. मेंडेली हे याच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर डीओआय (ऑनलाइन लेखाचा कायमचा ओळखक्रमांक) असलेल्या इंग्रजी शोधनिबंधांना ठीक आहे, पण दप्तरखान्यातल्या कागदासमोर ते तोकडं पडतं. एन्डनोट हे तिसरं, ते विकत घ्यावं लागतं. मानव्यविद्येच्या विद्यार्थ्याने या दोन्हींच्या मागे लागू नये.

सोलापूरवर काम करणाऱ्याची साधनं कशी असतात, हे आधी लक्षात घ्या. गिरण्या, यंत्रमाग, विडी कामगार, १९३० चा मार्शल लॉ, यांतला कुठलाही विषय घेतला तरी मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, उर्दू आणि इंग्रजी कागद समोर येतात. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोलापूरवरचा २० वा खंड १८८४ चा, आणि त्यात गावाचं स्पेलिंग ‘शोलापूर’ असं. यातल्या बहुतेक साधनांना डीओआय नाही, जुन्या पुस्तकांना आयएसबीएन नाही. त्यामुळे झोटेरोची जी करामत सगळे व्हिडिओ दाखवतात, म्हणजे ब्राउझरमधलं बटण दाबलं की नोंद आपोआप तयार, ती आपल्याला थोड्याच ठिकाणी मिळते. जेस्टोर या शोधनिबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर ती चोख चालते. शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, नोंद येते, पण तिथे प्रबंध प्रकरणवार तुकड्यांत ठेवलेला असतो, त्यामुळे पूर्ण पीडीएफ आपोआप येत नाही. आधी नोंदीचा प्रकार ‘थिसिस’ आहे का ते बघायचं आणि मग हवी ती प्रकरणं उतरवून त्याच एका नोंदीखाली जोडायची. प्रत्येक प्रकरणाची वेगळी नोंद केली तर संदर्भसूचीत एकच प्रबंध सहा वेळा येतो.

मराठी पुस्तकाचा आयएसबीएन टाकून शोधलं तर बरेचदा काहीच सापडत नाही. सापडलंच तर परदेशी ग्रंथालयाच्या तालिकेतली नोंद येते, तीही रोमन लिपीत, अक्षरांवर रेघा आणि खाली टिंबं असलेली. ती दुरुस्त करण्यापेक्षा स्वतः नोंद करणं लवकर होतं. तेव्हा हाताने नोंद करण्याची तयारी ठेवा आणि ती एकदाच, नीट करा. हिराचंद नेमचंद वाचनालयात किंवा कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तक हातात आहे तोवरच मुखपृष्ठाच्या आतलं शीर्षकपान आणि त्याच्या मागचं पान असे दोन फोटो काढून त्या नोंदीला जोडून ठेवावेत. आवृत्ती, पुनर्मुद्रण, प्रकाशनाचं गाव यांची शंका नेहमी प्रबंध बांधायला टाकायच्या वेळीच येते.

सोलापूरचंच एक पुस्तक घेऊ, कारण एका नोंदीत जेवढ्या अडचणी येऊ शकतात त्यातल्या बहुतेक त्यात आहेत. जीवराज जैन ग्रंथमालेतला पहिला ग्रंथ ‘तिलोयपण्णत्ती’: मूळ प्राकृत, कर्ता यतिवृषभ, संपादक आ. ने. उपाध्ये आणि हीरालाल जैन, प्रकाशक सोलापूरचा जैन संस्कृति संरक्षक संघ, पहिला भाग १९४३, दुसरा १९५१. झोटेरोत लेखकाच्या नावाला दोन खाने असतात, आधी आडनाव आणि मग नाव. यतिवृषभांना आडनाव नाही, म्हणून नावाशेजारचं छोटं बटण दाबून दोन खान्यांचा एक करायचा. संतकवी, शुभराय महाराजांसारखी नावं आणि संस्था-मंडळं यांनाही हाच नियम. नाही तर सूचीत ‘महाराज, शुभराय’ असं छापून येतं. संपादकांच्या दोन ओळी घालताना प्रत्येक ओळीचा प्रकार ‘ऑथर’वरून ‘एडिटर’ करायला विसरू नका. ‘भाग पहिला’ हे शीर्षकात लिहायचं नाही. ‘व्हॉल्यूम’मध्ये फक्त आकडा, ‘नंबर ऑफ व्हॉल्यूम्स’मध्ये दोन, ‘सिरीज’मध्ये ग्रंथमालेचं नाव आणि ‘सिरीज नंबर’मध्ये त्या मालेतला ग्रंथाचा क्रमांक. ही नोंद झाली की तिच्यावर राइट-क्लिक करून ‘डुप्लिकेट आयटम’ घ्या, भाग आणि साल बदला. दुसऱ्या भागाची नोंद अर्ध्या मिनिटात होते.

साल टाकताना आकडे इंग्रजी हवेत. तारखेच्या खान्यात देवनागरी आकडे टाकले तर झोटेरोला ते साल म्हणून कळत नाहीत. चाचणी सोपी आहे: साल ओळखलं की खान्याच्या उजव्या टोकाला ‘वाय’ हे इंग्रजी अक्षर फिकट दिसतं, ते दिसलं नाही तर झोटेरोला साल कळलेलं नाही. वर्तमानपत्राची पूर्ण तारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमाने, मधे आडव्या रेघा देऊन लिहावी. जुन्या पुस्तकावर फक्त शके असेल तर ७८ मिळवून इसवी सन काढायचा (पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंतचं पुस्तक असेल तर बहुधा ७९), तो तारखेत टाकायचा आणि छापलेला शक ‘एक्स्ट्रा’ या खान्यात टिपून ठेवायचा.

आता नावांच्या एकसारखेपणाकडे वळू. मराठी सूची सगळ्यात जास्त इथे बिघडते. ‘कुलकर्णी, गो. म.’ आणि ‘कुलकर्णी, गो.म.’ हे आपल्याला एकच वाटतात. झोटेरोला ते दोन वेगळे लेखक वाटतात आणि मग कंसातल्या संदर्भात आडनावाआधी आद्याक्षरं घुसतात. डॉ., प्रा., कै. या उपाध्या नावात अजिबात घालू नयेत. त्याहून फसवी गोष्ट युनिकोडची (संगणकावर अक्षरं साठवायच्या प्रमाण पद्धतीची). ‘ॲ’ हे एक स्वतंत्र अक्षर म्हणून टाईप होतं, तसंच ‘अ’वर चंद्र देऊनही होतं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एकाने शोधलं तर दुसरं सापडत नाही. ‘ऱ्या’मधल्या रफाराच्या दोन पद्धतींचंही तेच. मोबाईलवर गूगलचा कीबोर्ड आणि संगणकावर इनस्क्रिप्ट असं मिश्र टायपिंग होत असेल तर एकच नाव दोन रूपांत साठत जातं. उपाय एकच: लेखकाचं नाव दुसऱ्यांदा टाकताना झोटेरो जे नाव सुचवतं ते निवडायचं, नव्याने टाईप करायचं नाही.

उर्दू साधनं मूळ लिपीत शीर्षकात टाकू नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. उजवीकडून डावीकडे जाणारी ओळ मराठी सूचीत आली की कंस, स्वल्पविराम आणि साल यांच्या जागा उलटसुलट होतात. शीर्षक देवनागरीत लिहावं आणि मूळ लिपीतलं ‘एक्स्ट्रा’मध्ये ठेवावं. तेलुगू-कन्नडला ही अडचण नाही, पण परीक्षकाला वाचता यावं म्हणून तिथेही देवनागरीच बरी. ‘लँग्वेज’ हा खाना मात्र प्रत्येक नोंदीत भरा. रोमन लिपीत लिहिलेल्या मराठी शीर्षकाला झोटेरो काही संदर्भशैलींत इंग्रजी समजून प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं करतं. भाषा मराठी दिली की ते थांबतं.

पीडीएफच्या बाबतीत सगळ्यात मोठा घोळ जुन्या फॉन्टचा. श्रीलिपी किंवा डीव्हीबी सुरेखमध्ये टाईप केलेल्या प्रबंधाची पीडीएफ डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसते, पण आतून ती रोमन अक्षरांची खिचडी असते. त्यातलं वाक्य उचलून वर्डमध्ये चिकटवलं की ते लगेच कळतं. अशा फायलीत ‘गिरणी’ शोधलं तर काहीच सापडत नाही, आणि विद्यार्थी समजतो की या प्रबंधात गिरणीचा उल्लेखच नाही. इथे पुन्हा ओसीआर, म्हणजे पानाच्या चित्रातली अक्षरं संगणकाकडून ओळखून घेणं, करावं लागतं. थोडी पानं असतील तर गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडावीत. फाईल दोन एमबीच्या आत ठेवली तर बरं, मोठी असेल तर तुकडे करावेत. पूर्ण ग्रंथ असेल तर टेसरॅक्ट या ओसीआर प्रणालीवर चालणारं ओसीआरमायपीडीएफ हे फुकट साधन घ्यावं. त्याला मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषा सांगाव्या लागतात. शिवाय ‘फोर्स ओसीआर’ हा पर्याय द्यावा लागतो, नाही तर ‘या पानात आधीच मजकूर आहे’ असं म्हणून ते काम थांबवतं. जुन्या वर्तमानपत्रांत स्तंभ एकमेकांत मिसळतात, त्यामुळे तिथे निकाल फक्त शोधण्यापुरता वापरायचा, उद्धृतासाठी नाही. मोडीला हे लागू नाही. ती डोळ्यांनीच वाचावी लागते.

ओसीआर झालं तरी एक अडसर राहतो आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. झोटेरो सुरुवातीला प्रत्येक पीडीएफची पहिली १०० पानंच शोधासाठी वाचतं. साडेतीनशे पानांच्या प्रबंधातली अडीचशे पानं त्याच्या लेखी नसतातच. सेटिंग्जमध्ये ‘फुल-टेक्स्ट कॅश’ खाली पानांची ही मर्यादा १००० करा, अक्षरांची मर्यादाही ५ लाखांवरून वाढवा, आणि मग सूची पुन्हा तयार करायला सांगा. सेटिंग्ज उघडलीच आहेत तर आपोआप टॅग लावणं आणि वेबपानाचं आपोआप चित्र साठवणं, हे दोन्ही बंद करा.

कारण जागा. फुकट मिळणारी ऑनलाइन जागा ३०० एमबी आहे आणि स्कॅन केलेली मराठी पुस्तकं तीस-चाळीस एमबीची सहज असतात, त्यामुळे ती दहा पुस्तकांतच भरते. वर्षाला २० डॉलर भरले तर २ जीबी मिळतात, पण त्यासाठी परदेशी व्यवहार चालू असलेलं कार्ड लागतं. बहुतेकांना त्याची गरज नाही. ‘सिंक’मध्ये (संगणक आणि ऑनलाइन खातं जुळतं ठेवण्याची सोय) नोंदींचं सिंक चालू ठेवा, त्याला मर्यादा नाही, फायलींचं बंद करा आणि फायली पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर जपा. झोटेरो बंद करून त्याचं पूर्ण फोल्डर आठवड्याला एकदा कॉपी केलं की बॅकअप झाला. हेच फोल्डर गूगल ड्राइव्हच्या किंवा वनड्राइव्हच्या आत ठेवून चालवायची आयडिया मात्र करू नका. दोन संगणकांनी एकाच वेळी हात लावला की डेटाबेस बिघडतो आणि सगळ्या नोंदी धोक्यात येतात.

वाचताना पीडीएफवर हायलाइट करून ‘ॲड नोट फ्रॉम ॲनोटेशन्स’ केलं की प्रत्येक उद्धृत पृष्ठांकासह टिपणात येतं. उद्धृताचा पृष्ठांक हरवणं हे वाङ्मयचौर्याच्या अहवालात अडकण्याचं एक साधं कारण असतं, म्हणून ही सोय मोलाची. फक्त स्कॅन केलेल्या पुस्तकात मुखपृष्ठापासून पानं मोजली जातात, त्यामुळे छापील पान ४५ असेल तर झोटेरो ५७ दाखवू शकतं. हायलाइटच्या तीन टिंबांच्या मेनूत ‘एडिट पेज नंबर’ आहे. तिथे एका पानाचा खरा आकडा देऊन तो पुढच्या सगळ्या पानांना लागू करता येतो. वाचायला बसताना पहिलं काम हे. अँड्रॉइड ॲपवरही हायलाइट करता येतं. बस-रेल्वेत वाचायला चांगलं, नोंदी करायला नको.

लिहिण्यासाठी मायक्रोसॉफ्ट वर्ड किंवा लिबरऑफिस बरं. बऱ्याच ठिकाणी डब्ल्यूपीएस ऑफिस असतं, त्याला झोटेरोचं अधिकृत जोडसाधन नाही. वर्ड विकत घेणं परवडत नसेल तर लिबरऑफिस घ्या, ते फुकट आहे. पण एकदा निवडलं की मधेच बदलू नका. लिबरऑफिसमध्ये घातलेले संदर्भ वर्डमध्ये उघडले की मृत होतात. बदलावंच लागलं तर ‘डॉक्युमेंट प्रेफरन्सेस’मधून ‘दुसऱ्या वर्ड प्रोसेसरकडे जा’ हा पर्याय वापरून फाईल साठवायची. सूचीचा फॉन्ट वेगळाच दिसत असेल तर सूचीवर हाताने फॉन्ट लावू नका, पुढच्या रिफ्रेशला तो पुसला जाईल. वर्डच्या ‘बिब्लिओग्राफी’ या शैलीत जाऊन ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’खालचा फॉन्ट बदला. देवनागरीचा फॉन्ट वर्ड तिथूनच घेतं, वरच्या नेहमीच्या खान्यातून नाही.

संदर्भशैली हजारोंनी आहेत, पण ‘संपा.’, ‘व इतर’, ‘तत्रैव’ लिहिणारी तयार शैली सहज मिळत नाही. ती करून घ्यावी लागते आणि विभागातल्या एकाने केली की सगळ्यांना पुरते. शिकागोची ‘इबिड’ (आधीचाच संदर्भ पुन्हा आल्याची खूण) असलेली तळटीप शैली किंवा एमएलए, मार्गदर्शक सांगतील ती, स्टाईल एडिटरमध्ये उघडा. सगळ्यात आधी तिचं शीर्षक आणि ओळखक्रमांक बदला. हे राहिलं तर पुढच्या अपडेटला मूळ शैली येऊन तुमचं काम पुसलं जातं. मग शैलीच्या सुरुवातीला ‘लोकेल’चा (कुठल्या भाषेत कुठला शब्द छापायचा ते सांगणारा) भाग लिहून त्यात एकेक संज्ञा द्यायची: ‘एडिटर’च्या संक्षेपासाठी संपा., ‘ट्रान्सलेटर’साठी अनु., ‘पेज’साठी पृ., ‘इबिड’साठी तत्रैव, ‘एट-अल’साठी व इतर, ‘अँड’साठी आणि. फाईल नव्या नावाने साठवून ‘साइट’ सेटिंगमधल्या अधिकच्या चिन्हाने बसवा. मर्यादा एवढीच की एका दस्तऐवजाला एकच भाषा, त्यामुळे इंग्रजी पुस्तकापुढेही ‘संपा.’ येणार. मराठी प्रबंधात ते खटकायचं कारण नाही. मार्गदर्शकांना आधी दाखवून मान्यता घ्यावी.

सूचीची मांडणी हा मात्र झोटेरोचा खरा दोष. आपल्याकडे प्राथमिक साधनं, मराठी ग्रंथ, इंग्रजी ग्रंथ, नियतकालिकं, मुलाखती अशा वेगळ्या याद्या लागतात. झोटेरो सगळं एकत्र, आधी रोमन आणि मग देवनागरी असं लावतं. तळटिपा जिवंत ठेवून सूचीचे गट पाडायची सोय त्यात नाही. म्हणून प्रत्येक गटाचं वेगळं कलेक्शन सुरुवातीपासून ठेवा आणि शेवटी एकेका कलेक्शनवर ‘क्रिएट बिब्लिओग्राफी’ करून यादी प्रबंधात चिकटवा. ही यादी तळटिपांशी जोडलेली नसते, तेव्हा आपोआपची एकत्र सूची वेगळ्या पानावर काढून ताडून बघा. इंग्रजी शैली वापरली असेल तर ‘क्षीरसागर’ क मध्ये आणि ‘ज्ञ’ने सुरू होणारी नावं ज मध्ये लागतात, मार्गदर्शकांना ती शेवटी हवी असतील तर हाताने हलवायची.

शिकवणाऱ्यांसाठी ‘ग्रुप’ची सोय सगळ्यात उपयोगाची. एम.ए.च्या संशोधन प्रकल्पाच्या तुकडीचा एक खासगी ग्रुप करा. सभासदांच्या संख्येला मर्यादा नाही, जागा मात्र ग्रुप काढणाऱ्याच्या खात्यातून जाते, म्हणून त्यात नोंदीच ठेवा, जड फायली नकोत. वर्गात सांगायची पहिली गोष्ट सॉफ्टवेअरची नसावी. प्रत्येकाला ग्रंथालयातून एक पुस्तक आणायला लावून शीर्षकपान वाचून दाखवायला सांगा: संपादक कोण, आवृत्ती कितवी, ग्रंथमाला आहे का. हे ज्याला जमतं त्याची झोटेरोची नोंद बिनचूक होते. संशोधन आणि प्रकाशन नीतीच्या दोन श्रेयांकांच्या अभ्यासक्रमात यासाठी वेळ काढायला हरकत नाही. दप्तरखान्यात मोबाईलने शेकड्यांनी फोटो काढणाऱ्यांना जॉर्ज मेसनच्या त्याच केंद्रातून निघालेलं, फोटोंची नोंद ठेवणारं ट्रॉपी हे वेगळं, फुकट साधन दाखवा. फोटो तिथे, ग्रंथ झोटेरोत.

छपाईसाठी डीटीपी सेंटरला फाईल देण्याआधी मूळ फाईल बाजूला ठेवून तिची प्रत करा आणि त्या प्रतीवरच ‘अनलिंक सायटेशन्स’ दाबा. देवनागरी आकडे हवे असतील तर तेही याच प्रतीत, फक्त मराठी मजकूर निवडून बदला. दुवे आणि डीओआय यांतले आकडे बदलले तर ते उघडत नाहीत. टायपिस्टला युनिकोडमध्येच पानं लावायला सांगा. श्रीलिपीत रूपांतर केलं की जोडाक्षरं तुटतात आणि शोधगंगेवर जाणारी पीडीएफ पुन्हा न शोधता येणारी होते. जिवंत तळटिपांची मूळ फाईल तोंडी परीक्षा होईपर्यंत हलवू नका, परीक्षकांनी सुचवलेल्या दुरुस्त्या त्याच फाईलमध्ये करायच्या असतात.